अमेरिकाखंडांतील आद्य मनुष्यवस्तीचा कालनिर्णय

उपलब्ध प्रतींत जी सर्वांत जुनी तीच मूळ प्रत, असें पोथ्यांचा संग्रह करणारा कोणीही म्हणणार नाहीं. तथापि अमेरिकाखंडांत मनुष्य प्रथम केव्हां आला, ह्या प्रश्नीं थोर विद्वानांकडूनही दीर्घकाळ हीच चूक झाली. तो वाद आमच्या वाचकांस बोधप्रद वाटल्यावांचून राहणार नाहीं.

तेथील मूळचे लोक आशियांतून गेले असावेत, असा तर्क जोसे दे आकोस्ता ह्या स्पॅनिश पाद्र्यानें १५९० सालच्या आपल्या ग्रंथांत केला होता. हिमयुगांत समुद्र सुमारें १२० मीटर खालीं जाऊन सायबेरिया व अलास्का हे प्रांत भूमीनें जोडले गेले होते, हें पुढें सिद्ध झालें. प्रश्न उरला तो काळाचा.

१९२७ सालीं न्यू मेक्सिकोंतील फॉल्सम येथें नामशेष गव्याच्या बरगड्यांमध्यें दगडी भाल्याचें पातें मिळालें. पुढें त्याच प्रांतांत क्लोव्हिसजवळ त्याहून जुनीं, सुमारें १३,००० वर्षांपूर्वींचीं, पातीं सांपडलीं. आणि हेच आद्य रहिवासी, असें मत रूढ झालें. चिली देशांतील माँते व्हेर्दे येथें १९७७ पासून टॉम डिलेहे ह्यांनीं उत्खनन करून सुमारें १४,५०० वर्षांपूर्वींची वस्ती दाखविली, तेव्हां त्या मतास पहिला मोठा धक्का बसला.

२०२१ सालीं न्यू मेक्सिकोंतीलच व्हाइट सँड्स येथील मानवी पाउलखुणा २१,००० ते २३,००० वर्षांपूर्वींच्या असल्याचें प्रसिद्ध झालें. हा काळ पाणवनस्पतीच्या बियांतील कार्बनावरून काढिला होता. त्यावर आक्षेप आला कीं, अशी वनस्पति पाण्यांत विरघळलेला पुरातन कार्बन शोषिते; सबब बीं असतें त्याहून जुनें भासतें. लेखक मूळ पोथीची पुष्पिका शकासह उतरून घेतो व नवी प्रत जुनी भासते, तसाच हा प्रकार. म्हणून संशोधकांनीं त्याच थरांतील भूचर वृक्षांचे परागकण तपासिले. क्वार्ट्झच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश केव्हां पडला, हेंही पाहिलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या दोन्ही साक्षी पहिलीशीं जुळल्या.

ह्यावरून मनुष्य त्या काळीं तेथें होता एवढेंच ठरतें. तो तेव्हांच प्रथम आला, असें नव्हे. आमच्या कामीं दुसरा बोध अधिक महत्त्वाचा. पुष्पिकेंतील शक, संवत्सर व वार परस्परांशीं जुळले म्हणजे प्रतीचा काळ ठरला, असें मानूं नये. ते तिन्ही एकाच जुन्या पोथींतून उतरलेले असूं शकतात. कागद, शाई व अक्षराचें वळण ह्यांची साक्ष स्वतंत्रपणें घ्यावी.