सडक अर्जुनी: दोन जंगलांमधला मुक्काम

नागपूरहून रायपूरकडे निघालेला ट्रक भंडारा, लाखनी, साकोली मागे टाकतो, सौंदडला गोंदिया–बल्लारशा रेल्वेमार्ग ओलांडतो आणि थोड्याच वेळात सडक अर्जुनीला लागतो. चालकाच्या लेखी हे गाव म्हणजे चहाची टपरी, पंक्चरचं दुकान आणि पुढच्या देवरी घाटाआधी पाय मोकळे करण्याची जागा. गावाच्या उत्तरेला नागझिरा अभयारण्य आहे आणि दक्षिणेला नवेगाव राष्ट्रीय उद्यान, याची त्याला कल्पनाही नसते.

रस्ता मात्र जुना आणि नामांकित. इंग्रजी अमदानीत तो ग्रेट ईस्टर्न रोड होता. रायपुरात आजही त्याला जी. ई. रोड म्हणतात. पुढे तो राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि २०१०च्या फेररचनेत त्याला ५३ हा आकडा मिळाला. भिलाई-रायपूरचं लोखंड याच वाटेनं पश्चिमेला जातं. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी नावाचे दोन तालुके आहेत. एकाला मोरगावची जोड मिळाली, दुसऱ्याला या सडकेची. लगतच्या कोहमारा चौकात गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता महामार्गाला छेदतो. एसटी बदलणारे, आठवडी बाजाराला निघालेले आणि जंगल सफारीचे पर्यटक इथं एकाच टपरीवर उभे असतात.

सडकेवरची गर्दी परक्यांची. गावाचं पोट भरतं ते सडकेच्या दोन्ही बाजूंच्या धानाच्या बांध्यांत आणि जंगलात.

जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, पाऊस धरला की चिखलात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धान कापणीला. कापणीआधीच ओल्या बांधीत लाखोरी शिंपतात, म्हणजे उरलेल्या ओलीवर डाळीचं पीक निघतं. पावसानं दडी मारली तर भिस्त तलावांवर. कोहळी समाजानं बांधलेल्या तलावांसाठी हा सारा मुलूख प्रसिद्ध आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय त्यातलाच. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तेव्हापासून ते ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या बोलीत ‘मामा तलाव’ झाले. गाळ साचला, पाळी खचल्या, तरी कित्येक बांध्यांची तहान अजून तेच भागवतात.

शेतीचं काम ओसरलं की जंगलाचा हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला माणसं टोपली घेऊन बाहेर पडतात. त्याच फुलांवर अस्वलही येतं, म्हणून एकट्यानं कुणी जात नाही. मे महिन्यात तेंदूपत्ता. पहाटे तोडलेली पानं दुपारपर्यंत साऱ्या घरानं बसून जुळवायची, त्यांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी खरेदीच्या फळीवर मोजून द्यायचे. पावसाळ्याआधीचा रोख पैसा बऱ्याच घरांत इथूनच येतो. बियाणं आणि शाळेची वह्या-पुस्तकं त्यातच भागतात.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाहुणे, रात्री झाडीपट्टीचं नाटक. वडसा हे या रंगभूमीचं केंद्र. तिथल्या कंपन्या तयार रंगमंच, दिवे, वाद्यवृंद घेऊन येतात. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत मिटत नाही. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीची दखल राज्याबाहेरही घेतली गेली.

जंगलाचा कागदोपत्री इतिहास अलीकडचा. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान. इथं वन अधिकारी राहिलेल्या मारुती चितमपल्लींनी आणि व्यंकटेश माडगूळकरांनी हे रान लेखनातून मराठी घरांत पोचवलं. दोन्ही जंगलं आणि लगतची अभयारण्यं जोडून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. नकाशावर ती एक झाली, पण मधून महामार्ग वाहतोच आहे.

जंगलातून जाणाऱ्या अशा रस्त्यांची किंमत २०२३ साली दिसली. त्या वर्षी २० मे रोजी ब्रह्मपुरीच्या बाजूनं आणलेल्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या, वाघांची संख्या वाढावी म्हणून. ऑगस्टमध्ये गोंदिया–कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका तरुण वाघाला मोटारीनं धडक दिली. उपचारासाठी नागपूरला नेत असताना तो मेला. फरफटत रस्ता सोडणाऱ्या त्या वाघाचं चित्रण देशभर पाहिलं गेलं.

उपाय अनोळखी नाही. पेंच परिसरात नागपूर–सिवनी महामार्ग जागोजागी उंचावला आहे, आणि खालून वाघ ये-जा करतात हे कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. साकोलीजवळ मोहघाट्याच्या जंगलातही रस्ता उचलून प्राण्यांना वाट दिली आहे. पण सडक ओलांडणारे वाघ-बिबटेच नाहीत. बांधीवर जाणारी बैलजोडी, चराईला निघालेली जनावरं, मोहाची टोपली घेतलेली बाई आणि सायकलवरची शाळकरी मुलं रोज तोच डांबरी पट्टा पार करतात. वन्यजीवांच्या वाटा आखताना गावाच्या या वाटांचीही मोजणी व्हायला हवी.

तोवर थोडं काम वाहनचालकांच्याही हाती आहे. साकोली ते देवरी आणि कोहमारा ते गोरेगाव या जंगलपट्ट्यांतून रात्री जावं लागलं, तर वेग कमी ठेवा आणि समोर काही दिसलं की आधी दिवे मंद करा.