निष्क्रिय प्रोसेसरची अकारण जाग व तिचे निदान

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारख्या गावी वीजपुरवठा खंडित झाला म्हणजे विद्यार्थ्याचा संगणक बॅटरीवर किती वेळ चालेल, हा प्रश्न केवळ बॅटरीच्या क्षमतेचा नसतो. पडद्यावरील पान वाचीत असता प्रोसेसरला जवळजवळ काहीच काम नसते. तरीही बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरते. प्रोसेसरला वारंवार येणारी जाग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होय. तिचा उगम कसा शोधावा, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

काम नसताना प्रोसेसर विश्रांतीच्या निरनिराळ्या पातळ्यांत जातो. उथळ पातळीत घड्याळाचे ठोके तेवढे थांबतात. खोल पातळीत कॅश रिकामी करून विद्युत्‌दाबही उतरविला जातो. तथापि या पातळीत जाण्यायेण्यास वेळ व ऊर्जा खर्चावी लागत असल्याने तेथील मुक्काम काही किमान काळाचा असल्याशिवाय लाभ होत नाही. समजा, ही किमान मर्यादा २ मिलिसेकंद असून प्रोसेसर सेकंदास १,००० वेळा जागा होतो व प्रत्येक वेळी ५० मायक्रोसेकंद काम करतो. एकूण काम अवघे ५ टक्के. परंतु उरलेल्या काळाचे ०.९५ मिलिसेकंदांचे तुकडे पडल्यामुळे खोल विश्रांती कधीच लाभत नाही. तेच काम १० हप्त्यांत उरकल्यास दर हप्त्यानंतर ९५ मिलिसेकंद सलग विश्रांती मिळते. सारांश, काम किती झाले यापेक्षा ते किती वेळा झाले, याला येथे अधिक महत्त्व आहे.

लिनक्समध्ये पूर्वी कर्नलचा टायमर निष्क्रिय प्रोसेसरलाही सेकंदास १००, २५० वा १,००० वेळा उठवीत असे. या नियमित ठोक्यांत इतर जाग झाकली जाई. एप्रिल २००७ मधील २.६.२१ या आवृत्तीने ३२-बिट संगणकांवर निष्क्रियतेतील हा ठोका थांबविण्याची सोय केली. त्याच वर्षी इंटेलने पॉवरटॉप हे साधन प्रसिद्ध केले आणि कोणता प्रोग्राम किती वेळा उठवितो, हे प्रथमच सहजपणे दिसू लागले.

निदानाचा प्रारंभ हिशेब जुळविण्याने करावा. संगणक बॅटरीवर, शांत अवस्थेत ठेवून ६० सेकंदांच्या दोन टोकांना ‘प्रॉक’ निर्देशिकेतील ‘इंटरप्ट्स’ ही फाइल वाचावी व आकड्यांतील वाढ काढावी. तिच्याशी पॉवरटॉपची यादी ताडून पाहावी. यादीतील नावांना नेमून देता न येणारी जी शिल्लक उरेल, तीच आपल्या शोधाचा विषय.

या शिल्लकेची कारणे बहुधा चार प्रकारची असतात. पहिले, एका प्रोसेसरने काम वाटून देण्यासाठी दुसऱ्यास उठविणे. दुसरे, एखाद्या प्रोग्रामने वा उपकरणाने सोपविलेले काम कर्नलच्या ‘केवर्कर’ धाग्याने करणे. येथे यादीत नाव दिसते ते सेवकाचे, धन्याचे नव्हे. टायमर कोणी लावला, याचा माग कर्नलच्या ट्रेसिंग सोयीने काढता येतो. तिसरे, फर्मवेअरने परस्पर आणलेला व्यवस्थापन-इंटरप्ट. तो कर्नलच्या नोंदीत येतच नाही. इंटेलच्या प्रोसेसरांवर टर्बोस्टॅट हे साधन त्याची गणना दाखविते. चौथे, मोजणारे साधन स्वतःच. म्हणून नोंदी वारंवार घेऊ नयेत.

कर्नलच्या मते झालेली विश्रांती व प्रोसेसरच्या अंतर्गत गणकांनी नोंदलेली विश्रांती यांत तफावत पडल्यास घाईने निष्कर्ष काढू नये. तिचे कारण फर्मवेअर असू शकते. तसेच मागितलेल्यापेक्षा उथळ पातळी प्रोसेसरने स्वतःच निवडलेली असू शकते.

संशयित सापडला म्हणजे तो एकटाच बंद करावा, मोजावे, पुन्हा चालू करावा व पुन्हा मोजावे. दोन्ही वेळा आकडा त्याप्रमाणे हलला, तरच कारण सिद्ध झाले असे मानावे. पॉवरटॉपने दिलेले वॅटचे आकडे अंदाजी असल्याने अंतिम पडताळा बॅटरीच्या प्रत्यक्ष उतरण्यानेच घ्यावा.

उपाय सामान्यतः साधा असतो. ‘काही घडले काय?’ असे क्षणोक्षणी विचारणाऱ्या प्रोग्रामने घटना घडेपर्यंत स्वस्थ थांबावे. जेथे नियतकालिक काम अटळ आहे, तेथे अनेक टायमर एकाच क्षणी जुळवून घ्यावेत. लिनक्स सामान्य प्रोग्रामच्या टायमरांना या जुळवणीसाठी मुळात ५० मायक्रोसेकंदांचीच सवलत देतो. ज्या कामास घाई नाही, त्याच्या कर्त्याने ती वाढवून मागावी. वीज नसलेल्या संध्याकाळी वाचनास मिळणारा अधिक वेळ काही अंशी अशा प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या संयमावर अवलंबून असतो.