यंत्राला मध्येच थांबवा

गणिताचे उत्तर चुकले की आपण विद्यार्थ्याची रीत पाहतो आणि तो कोणत्या पायरीवर चुकला ते शोधतो. संगणकाची आज्ञावली मात्र क्षणात संपते आणि हाती फक्त उत्तर उरते. मग तिची रीत कशी पाहायची?

एक उदाहरण घेऊ. बुलडाणा जिल्ह्यात 13 तालुके आहेत. समजा, एका दिवसाच्या तालुकावार पावसाची सरासरी काढणारी आज्ञावली आपण फॉक्सप्रो भाषेत लिहिली. 12 तालुक्यांच्या पावसाची बेरीज 240 मिलिमीटर आहे आणि लोणारची नोंद अजून यायची आहे. आलेल्या नोंदींची सरासरी 20 मिलिमीटर यायला हवी. संगणक सांगतो, 18.46! भाषेचे नियम कोठेच मोडलेले नसल्यामुळे तो तक्रारही करत नाही. अशी मुकी चूक सर्वांत धोक्याची, कारण हाच आकडा पाहून कोणी पेरणीचा विचार करील.

येथे 'ब्रेकपॉइंट' उपयोगी पडतो. आपण त्याला 'थांबा' म्हणू. ज्या ओळीवर थांबा लावावा, ती ओळ अमलात आणण्यापूर्वी संगणक थबकतो. त्या वेळी प्रत्येक चलाची किंमत पाहता येते. भागाकाराच्या ओळीवर थांबलो, तर बेरीज 240 दिसते, पण तालुके 13! म्हणजे चूक भागाकारात नाही, मोजणीत आहे. आता मोजणीच्या ओळीवर अट घालून थांबा लावू : तालुका लोणार असेल तरच थांब. तेथे पावसाची किंमत 0 दिसते. एक ओळ पुढे सरकलो, की मोजणी 1 ने वाढते. चोर सापडला!

जुन्या फॉक्सप्रोत अंकांचा रिकामा रकाना शून्य म्हणून वाचला जाई. 'पाऊस पडला नाही' आणि 'नोंद आली नाही' यांतला फरक त्याला कळत नसे. म्हणून मोजण्यापूर्वी रकाना रिकामा आहे का, हे तपासणे हाच उपाय. 1995 च्या व्हिज्युअल फॉक्सप्रोत 'नल', म्हणजे 'माहिती नाही', ही वेगळी किंमत आली.

थांब्याची युक्ती मात्र फार जुनी आहे. 1940 च्या दशकातील एनिॲक संगणकावर काम करणाऱ्या बेटी होल्बर्टन यांना तिचे श्रेय देतात. तेथे आज्ञा तारा जोडून दिल्या जात. हवी ती तार काढली की काम तेथेच थांबे. फॉक्सप्रोचा अधिकृत आधार 2015 मध्ये संपला, पण आजच्या विदा-भाषांतही थांबा आहेच.

वर्गात संगणक नसला तरी चालेल. फळ्यावर आज्ञा लिहा, एका विद्यार्थ्याला संगणक करा आणि दुसऱ्याला 'थांब' म्हणू द्या. मात्र थांबण्यापूर्वी प्रत्येकाने कोणती किंमत अपेक्षित आहे ते वहीत लिहावे. अपेक्षाच नसेल, तर थांबूनही चूक दिसत नाही.