रखडलेल्या सिनेमाची गोष्ट

मुलांनो, तुमची एखादी वस्तू कधी अर्धवट राहून गेली आहे का? प्रदर्शनासाठी केलेली प्रतिकृती, एखादं चित्र? येणारा-जाणारा 'अजून नाही झालं?' असं विचारू लागला, की नको वाटतं ना? मग ही गोष्ट वाचाच.

१९४६ साली मुंबईत दिग्दर्शक के. आसिफ यांनी 'मुघल-ए-आझम'चं चित्रीकरण सुरू केलं. तेव्हा सिनेमाचं आकर्षण होतं त्यातले कलाकार, चंद्रमोहन आणि नर्गिस. पण १९४७ साली फाळणी झाली. पैसा पुरवणारे शिराझ अली पाकिस्तानात गेले. १९४९ साली चंद्रमोहन वारले. झालं, काम ठप्प!

पुढे शापूरजी पालनजी यांनी पैसा घातला. पृथ्वीराज कपूर, दिलीपकुमार, मधुबाला असा नवा संच आला. पण घाई कुठली! शीशमहालाचा एकच सेट उभारायला दोन वर्षं लागली. खर्च एक कोटीच्या वर गेला. त्या काळातले एक कोटी बरं का!

आता एवढ्या उशिराचं समर्थन कसं करायचं? गंमत अशी, की तो उशीर, तो खर्च हाच सिनेमाचा थाट ठरला. ५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात तो झळकला. रिळं आली ती सजवलेल्या हत्तीवरून! तिकिटांसाठी लोक रांगेतच मुक्काम ठोकून बसले.

एक रुखरुख मात्र राहिली. काही भाग रंगीत झाल्यावर आसिफना सगळाच सिनेमा रंगीत हवा होता. पण वितरक थांबायला तयार नव्हते. बराचसा भाग कृष्णधवलच राहिला. आसिफ १९७१ साली गेले. १२ नोव्हेंबर २००४ रोजी तोच सिनेमा पूर्ण रंगीत होऊन परत आला. जे राहून गेलं होतं, तेच आता जाहिरातीचं आकर्षण झालं!

पाहिलंत? सिनेमा एकच, पण आधी नावं, मग थाट, मग रंग. तेव्हा आता पोस्टर पाहिलंत, की आईबाबांना विचारा, 'हे आपल्याला नेमकं काय विकतंय?' पालकहो, उत्तर मुलांबरोबर शोधा.

आणि हो, ती अर्धवट प्रतिकृती माळ्यावरून खाली काढा बरं!