बाळ रडले नाही तर मेंदूत काय घडते?

“बाळ रडलं का?” बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्या आजीचा पहिला प्रश्न हाच असतो. मुलगा की मुलगी, हे नंतर. आमच्या चामोर्शीकडची ही म्हातारी शाळा शिकलेली नसेल, पण तिचा प्रश्न शास्त्राला धरून आहे.

बाळ रडले नाही आणि श्वासही सुरू झाला नाही, तर मेंदूला प्राणवायू मिळत नाही. काही बाळे दगावतात. काही वाचतात, पण पुढे झटके येतात, मान धरत नाही, चालणे-बोलणे अडते. मग कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी बिचाऱ्या आईलाच पांढऱ्या पायाची ठरवतो. बंधू-भगिनींनो, हे सारे खोटे आहे. ही मेंदूची इजा आहे आणि ती तासातासाने कशी वाढते, हे शास्त्रज्ञांनी पाहिले आहे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात डॉ. ऑस्मंड रेनॉल्ड्स यांच्या पथकाने १९८०च्या दशकात अशी बाळे चुंबकीय यंत्रात तपासली. एम.आर.आय.च्याच तत्त्वावर चालणारे हे यंत्र चिरफाड न करता मेंदूतील शक्तीचा साठा मोजते. पहिल्या दिवशी साठा ठीक दिसे, नंतर घसरे. असे का? बाळांवर प्रयोग करता येत नाही. म्हणून डुकराच्या नवजात पिलांना भूल देऊन, त्यांचा प्राणवायू काही वेळ कमी करून तपासले. १९९४ साली उत्तर प्रसिद्ध झाले. घाव दोन असतात. प्राणवायू परत मिळताच मेंदू सावरतो, पण काही तासांनी पुन्हा ढासळतो. मधले तास हीच वाचवण्याची संधी! १९९५ साली पिलांचे शरीर थोडे थंड ठेवताच दुसरा घाव टळल्याचे दिसले. त्यातूनच जन्मापासून सहा तासांच्या आत सुरू करून ७२ तास बाळाला सुमारे ३३.५ अंशांवर ठेवण्याचा उपचार आला. त्या मुक्या जिवांचे हे ऋण आहे. म्हणूनच प्रयोगात त्यांना विनाकारण यातना होऊ नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे.

पण जे तिकडे लागू पडले ते इकडेही पडेलच, असे नाही. भारत, श्रीलंका व बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर हा उपचार तपासला गेला. त्यात मुंबईचे सायन रुग्णालयही होते. २०२१ साली निकाल आला. थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के बाळे दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. म्हणून घरी कोणीही बाळाला थंड करू नये. त्याला ऊबच द्यावी.

मग आपल्या हाती काय? पहिला मिनिट! आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांतील बायांना श्वास देण्याची पिशवी व मास्क वापरायला शिकवले. गुदमरून होणारे बालमृत्यू सुमारे ६५ टक्क्यांनी घटले. हे काम थोड्या शिकलेल्या खेड्यातल्या बायांनी करून दाखवले.

तेव्हा बाळंतपण दवाखान्यातच करा. पावसाळ्यात नाल्याला पूर येण्याआधीच गरोदर बाईला दवाखान्याजवळच्या नातलगाकडे आणून ठेवा. १०८ हा क्रमांक घरात लिहून ठेवा. “पिशवी-मास्क तयार आहे का? वापरणारी सिस्टर हजर आहे का?” असे आधीच विचारा. विचारण्यात लाज कसली? तो आपल्या लेकराचा हक्क आहे.