चाळिशीनंतर पुन्हा पियानोवर

लहानपणी हाती घेतलेली कला मध्येच सुटते. ती का सुटली हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सर्वांनाच ठाऊक असते. कुणाचे वडील अंथरुणाला खिळले, कुणाला दहावीनंतर लगेच कामाला लागावे लागले, कुणाचे लग्न झाले. घरखर्चाला कात्री लावायची वेळ आली की शिकवणीची फी सर्वांत आधी जाते. मग पंचवीस-तीस वर्षे लोटतात, मुले हाताशी येतात, आणि एके दिवशी कुठेतरी तेच वाद्य कानी पडते. मांडीवर ठेवलेली बोटे आपोआप हलू लागतात. "आता या वयात काय शिकायचे!" असे म्हणून माणूस ती मुठीत मिटून घेतो.

ही मूठ पुन्हा उघडणाऱ्यांविषयी आज आम्ही लिहीत आहोत. वाद्य आहे पियानो. वाचक विचारतील, पियानोचा आणि आमचा काय संबंध? तो तर सिनेमातल्या बंगल्यात असतो! परंतु आपल्या गायन पार्टीत जी पेटी वाजते तीही मूळची युरोपातलीच. तिच्या आणि पियानोच्या पट्ट्यांची मांडणी एकच आहे: दोन काळ्या, मग तीन काळ्या, पुन्हा दोन. आपला गायक "काळी दोन धर" म्हणतो तेव्हा तो पियानोवरच्याही एका पट्टीचे नाव घेत असतो. फरक आहे तो हातांच्या कामात. पेटीवर डावा हात भाता ओढतो आणि उजवा वाजवतो. पियानोवर दोन्ही हातांना वाजवावे लागते, तेही वेगवेगळे. पेटीचा आवाज हवेवर लहान-मोठा होतो, पियानोचा बोटाच्या दाबावर. इटलीतील फ्लोरेन्स शहरात क्रिस्तोफोरी नावाच्या कारागिराने १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवले ते याच कारणासाठी. त्याच्या आधीच्या हार्पसिकॉर्डवर बोट हळू ठेवा की जोराने, आवाजात फारसा फरक पडत नसे. 'पियानो' म्हणजे हळू आणि 'फोर्ते' म्हणजे जोरात; दोन्ही मिळून पियानोफोर्ते, आणि पुढे नुसताच पियानो. त्याच्या ८८ पट्ट्यांपैकी ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या असतात. प्रत्येक पट्टीमागे नमद्याचा एक हातोडा असतो आणि तो पोलादी तारेवर आपटतो.

लहानपणी शिकलेला माणूस चाळिशी-पन्नाशीत या वाद्यापुढे पुन्हा बसला म्हणजे काय होते? पहिल्या दिवशी त्याला आनंद होतो, कारण बोटांना पाठ झालेले बरेच काही बोटांतच राहिलेले असते. सायकलचे जसे असते तसेच हे. एखाद्या जुन्या धड्याच्या चार ओळी हात सरळ वाजवून जातो आणि पाचव्या ओळीला थबकतो. मग कागद पुढे घ्यावा तर वाचता येत नाही. विशेषतः डाव्या हाताची ओळ. तिच्या आरंभी वेगळे चिन्ह असते, आणि त्यामुळे त्याच रेषेवरचा ठिपका उजव्या हाताला एक स्वर सांगतो व डाव्याला दुसराच. हे ज्ञान सर्वांत आधी पुसले जाते.

पण खरा घात करतो तो कान. तीस वर्षांत कान मोठा झाला, शहाणा झाला, त्याने चांगले गाणे-बजावणे ऐकले; हात मात्र बारा वर्षांच्या मुलाचाच राहिला. आपण वाजवलेले आपल्यालाच सोसत नाही. नवशिक्याला निदान आपण नवशिके आहोत याची लाज नसते. परत आलेल्याला वाटते की मला हे पूर्वी येत होते, आता येत नाही, म्हणजे मी घसरलो. घरात एकट्याने बसणारा माणूस तीन-चार आठवड्यांत वाद्यावर कापड टाकतो ते याच विचाराने. आळशीपणा म्हणून त्याला हिणवू नये.

यावरचा उतारा म्हणजे सोबत.

अनेकांना एकत्र पियानो शिकवण्याची पद्धत नवी नाही. १८१५ च्या सुमारास डब्लिन शहरात लोजिए नावाचा जर्मन शिक्षक एका खोलीत अनेक पियानो मांडून एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांना शिकवत असे. शंभर वर्षांनंतर अमेरिकेतील सरकारी शाळांत पियानोचे वर्ग निघाले. सर्वांना पियानो कुठून आणणार? मुलांसमोर बाकावर पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवत, आणि खऱ्या पियानोवर पाळीपाळीने एकेक जण जाई. पुढे विजेवर चालणारे पियानो आले आणि अडचण निराळ्या रीतीने सुटली. आता वर्गात आठ-दहा जण बसतात, प्रत्येकाच्या कानाला हेडफोन असतो. ज्याचे त्यालाच ऐकू येते. शिक्षक आपल्या जागेवरून बटण दाबून कुणा एकाचे ऐकतो, त्याच्याशीच बोलतो, चूक सुधारतो. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. नंतर हेडफोन काढून सर्व जण मिळून वाजवतात.

या वर्गांतली सर्वांत उपयोगी गोष्ट मात्र यंत्रात नाही. शेजारचा माणूस त्याच ठिकाणी अडतो ज्या ठिकाणी आपण अडतो. तो चुकला की हसतो आणि पुन्हा सुरू करतो. घरी एकट्याने चूक केली तर ती आपली नालायकी वाटते, वर्गात तीच चूक पाचही जणांनी केली की तो धड्यातला अवघड घाट ठरतो. शिवाय एकाच पियानोवर दोघांनी बसून चार हातांनी वाजवायच्या रचना आहेत. मोझार्ट आणि शूबर्ट यांच्यासारख्या थोरांनी त्या लिहिल्या. वर्गासाठी काही रचना अशाही बेतलेल्या असतात की एकाचा भाग सोपा व दुसऱ्याचा अवघड. कच्चा विद्यार्थी तीन स्वर धरून बसतो, पण निघते ते पुरे संगीत. आपण थांबलो तर जोडीदारही थांबतो, या धाकाने माणूस आठवडाभर घरी सराव करतो. फी वाटून घेतली जात असल्याने एकट्याच्या शिकवणीपेक्षा ती सहसा कमीच पडते. कष्टकरी कुटुंबाला ही बाब लहान नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळे रिकामपण असलेल्यांचे चोचले. त्यांना आम्ही लंडनच्या मॉर्ले कॉलेजची हकिकत सांगू इच्छितो. टेम्स नदीच्या दक्षिणेला, गरिबांच्या वस्तीत एमा कॉन्स या समाजसेविकेने १८८० मध्ये एक जुने नाट्यगृह चालवायला घेतले. तेथे एक पेनी तिकिटात कामगारांसाठी व्याख्याने होऊ लागली. त्यातून रात्रीचे वर्ग निघाले आणि १८८९ मध्ये कष्टकरी स्त्री-पुरुषांसाठी हे कॉलेज उभे राहिले. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश होता, हे त्या काळात विशेष. दिवसभर दुकानात, कचेरीत, कारखान्यात राबून लोक संध्याकाळी शिकायला येत.

१९०७ मध्ये तेथे संगीताचा प्रमुख म्हणून आला गुस्ताव होल्स्ट. त्याची स्वतःची कथाही या विषयाला धरून आहे. त्याला पियानोवादक व्हायचे होते; उजव्या हाताच्या नसांच्या दुखण्याने ते स्वप्न मोडले. तेव्हा त्याने ट्रॉम्बोन हे फुंकीचे वाद्य धरले, त्यावर पोट भरले, आणि पुढे इंग्लंडचा नामांकित संगीतकार झाला. पर्सेल या सतराव्या शतकातील संगीतकाराची 'द फेअरी क्वीन' ही रचना दोनशे वर्षे हरवली होती. तिची प्रत सापडल्यावर होल्स्टने ती मॉर्लेच्या विद्यार्थ्यांकडून बसवून घेतली. प्रत्येक गायक-वादकासाठी वेगळी प्रत हवी, आणि छापायला पैसे नव्हते. विद्यार्थ्यांनी सुमारे दीड हजार पाने हाताने उतरवून काढली. १९११ मध्ये प्रयोग झाला. एवढी पाने कामावरून आल्यानंतर लिहिली गेली, रिकामपणाच्या दुपारी नव्हे! होल्स्ट १९२४ पर्यंत तेथे होता. १९४० मध्ये बॉम्बने कॉलेजची इमारत पडली, तरी वर्ग थांबले नाहीत. मॉर्ले आजही चालू आहे, आणि मोठ्या माणसांना पियानो शिकवणारे वर्ग तेथे भरतात.

दुसरे उदाहरण मोठ्या पगाराच्या माणसाचे आहे, म्हणून आम्ही ते जपूनच सांगतो. 'गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाचे १९९५ ते २०१५ या काळातील संपादक ॲलन रसब्रिजर यांनी लहानपणी पियानो शिकून सोडला होता. मोठेपणी ते परत आले, आणि फ्रान्समध्ये हौशी वादकांच्या शिबिराला जाऊ लागले. २०१० मध्ये तेथे आपल्यासारख्याच एका हौशी माणसाने शोपँ या संगीतकाराचे पहिले बॅलड वाजवलेले त्यांनी ऐकले. भल्याभल्यांना घाम फोडणारी ती रचना. ती वर्षभरात बसवायचीच असे त्यांनी ठरवले, आणि रोज सकाळी कामाआधी वीसएक मिनिटे काढली. ते वर्ष विकिलीक्सच्या गौप्यस्फोटांचे, त्यामुळे वर्ष पुरले नाही. पण रचना बसली, आणि २०१३ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्याकडे पैसा होता, मोठमोठ्या वादकांना भेटून विचारण्याची सोय होती. आपल्याकडे ती नाही. तथापि पैशाने शिकवणी मिळते, सराव नाही. आणि त्यांना उठवले ते कुणा उस्तादाने नव्हे, शिबिरातल्या सोबत्याने.

बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे आमच्या पुष्कळ वाचकांना माहीत असेल. ते व्हायोलिन पुण्यात सिंबायोसिस संस्थेच्या संग्रहालयात आहे. ज्यांच्या अंगावर देशाएवढे काम होते त्यांना गुरूपुढे नवशिका होऊन बसायला कमीपणा वाटला नाही.

घरातली गोष्ट मात्र स्पष्टच बोलायला हवी. पुरुष वाद्य घेऊन बसला तर घर म्हणते, शांत राहा, बाबा वाजवताहेत. बाई बसली की नेमकी तेव्हाच कुणाला तरी तहान लागते. परत शिकू पाहणाऱ्या भगिनीला वाद्याआधी मिळवावी लागते ती अर्ध्या तासाची मालकी. वर्गाचा येथे एक आडवा फायदा आहे. "मला वाजवायचे आहे" याला घरात कुणी किंमत देत नाही. "मला क्लासला जायचे आहे, तिथे माझ्यासाठी खोळंबतात" याला देतात. दुर्दैव आहे, पण तसे आहे. मुलांनी आणि नवऱ्याने त्या दिवशीचा स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा, यात उपकार काही नाहीत.

वाद्याची चिंता आरंभी करू नये. खऱ्या पियानोचे वजन काही क्विंटलांत असते, तो वरच्या मजल्यावर चढवायचा तर जिना पुरत नाही, आणि वेळोवेळी सुरात लावावा लागतो. सुरुवातीला ६१ पट्ट्यांचा साधा कीबोर्ड पुरतो. तो घेताना हळू-जोराचा दाब कळणाऱ्या पट्ट्या आहेत ना, आणि हेडफोन लावायची सोय आहे ना, एवढे पाहावे. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना हेडफोन म्हणजे मोठी सवड, रात्रपाळीहून आलेला शेजारी झोपलेला असला तरी सराव होतो. तेवढेही जमत नसेल तर त्या अमेरिकन मुलांसारखा पुठ्ठा घ्यावा. पांढऱ्या पट्टीची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर. अशा सात पट्ट्या म्हणजे साडेसोळा सेंटिमीटर. आवाज येणार नाही, पण बोटांना जागा कळतील, आणि वर्गातला वेळ जागा शोधण्यात जाणार नाही.

वर्ग निवडताना आधी एक तास नुसते बसून पाहू द्याल का, असे विचारावे. एकाच वर्गात कोरे नवशिके आणि परत आलेले दोघे असतील तर दोघांचेही हाल होतात. वीस-पंचवीस जण कोंबलेले असतील तर शिक्षकाचे लक्ष मनगटाकडे जात नाही, आणि चुकीच्या ठेवणीने मनगट दुखू लागते. दुखले की थांबावे, रेटू नये. ज्यांना पुढे अवघड रचनांकडे जायचे आहे त्यांना केव्हातरी एकट्याची शिकवणी लागतेच. पण ते पुढचे. पहिल्या दिवशी जाताना नखे कापावीत, बांगड्या मनगटावर खळखळणार नाहीत असे पाहावे, आणि कागदाच्या ओळी वाचायला जवळचा चष्मा लागत असेल तर तो विसरू नये.