चार पदवीधर, पंचावन्न लाख उत्तरपत्रिका

१८ जुलै १८५७. उत्तरेत उठाव पेटलेला, दिल्ली अजून लढतेय, आणि इकडे मुंबई विद्यापीठाचा जन्म होतोय! काम एकच: महाविद्यालयांतल्या मुलांच्या परीक्षा घेऊन पदव्या द्यायच्या. १८६२ साली पहिले बी.ए. झाले किती? चार! पण काय चार! त्यांत महादेव गोविंद रानडे, त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर.

आणि पुढे कार्यक्षेत्र केवढं वाढलं! कराचीचं कॉलेज मुंबईला जोडलेलं, धारवाडचंही मुंबईलाच. या दोन गावांत सरळ रेषेत तेराशे किलोमीटरच्या आसपास अंतर. मुंबई-पुणे एकापाठोपाठ जवळजवळ नऊ वेळा!

आता पैसा. व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयाला दोन लाख रुपये दिले आणि घड्याळाच्या मनोऱ्याला आणखी दोन लाख. चार लाखांत आज मुंबईत खोलीसुद्धा मिळत नाही. पण तेव्हाचा रुपया चांदीचा, वजनाला तोळाभर. म्हणजे चार लाख तोळे! साडेचार टनांहून जास्त! पाच बैलगाड्यांचे आस कुरकुरले असते. प्रेमचंदांच्या आईचं नाव मिळालेला तो मनोरा, राजाबाई टॉवर, २८० फूट उंच आहे. ही उंची लक्षात ठेवा, लागणार आहे.

२०११ च्या सुमारास विद्यार्थी झाले साडेपाच लाखांच्या घरात. चाराची दुप्पट, तिची दुप्पट, असं सतरा वेळा करा. येतात ५,२४,२८८. तरी कमीच! लोकलमध्ये पाच हजार कोंबले तरी ११० गाड्या लागतील. त्या एकामागे एक चिकटवून उभ्या केल्या तर चर्चगेटपासून थेट गोरेगावपर्यंत रूळ दिसणार नाही!

प्रत्येकाने वर्षाला दहा पेपर लिहिले असं धरू. पंचावन्न लाख उत्तरपत्रिका! एकीची जाडी तीन मिलिमीटर धरून थप्पी रचली तर साडेसोळा किलोमीटर. एकावर एक १९३ राजाबाई टॉवर! विमानं तिच्या कमरेजवळून जातील.

आणि हे तपासायचं कोणी? एकच परीक्षक, रोज चाळीस पेपर, दिवाळी नाही, मे महिना नाही. पावणेचारशेहून जास्त वर्षं! शिवराय विशीच्या उंबरठ्यावर असताना, मावळात स्वराज्य उभं राहत असताना त्याने पहिला गठ्ठा सोडला असता, तर आज कुठे तो शेवटच्या गठ्ठ्याशी पोचला असता. तेही एकाच वर्षाच्या!